लिनक्स डेस्कटॉप झोपत नाही, झोपला तर उठत नाही

‘लिनक्सवर सस्पेंड, म्हणजे उघडे काम तसेच ठेवून संगणक झोपवणे, नीट चालत नाही’ असे कोणी म्हटले, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नक्की काय होत नाही? संगणक झोपतच नाही, झोपतो पण दोन सेकंदांत पुन्हा जागा होतो, की झोपल्यावर कितीही कळा दाबल्या तरी उठत नाही? वापरणाऱ्याच्या दृष्टीने तिन्हींतून वैतागच पदरी पडतो. परंतु या दोषांची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कुठेतरी वाचलेले चार कर्नल पॅरामीटर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सुरू होताना द्यायच्या सूचना) ग्रब या बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एकदम चिकटवायचे आणि त्यातल्या कशाने तरी काम भागले की हात झटकून मोकळे व्हायचे, ही पद्धत फार रूढ आहे. मला ती मुळीच पसंत नाही. पुढे केव्हातरी कर्नल अद्ययावत झाल्यावर तोच दोष परत आला, तर आपण काय आणि का बदलले होते हे बदलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

लॅपटॉपच्या तुलनेत डेस्कटॉपचा प्रश्न थोडा वेगळा आहे. लॅपटॉपमध्ये कोणते भाग एकत्र येणार हे बनवणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि त्या जुळणीवर झोपेची चाचणी झालेली असते. डेस्कटॉपमध्ये मदरबोर्ड एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचे, पॉवर सप्लाय तिसऱ्याचा आणि यूएसबीला लावलेली उपकरणे आणखी कोणाकोणाची असतात. हे सगळे एकाच वेळी झोपले पाहिजेत आणि ठरल्या क्रमाने उठले पाहिजेत. एकाने जरी असहकार केला तरी सगळेच अडते.

पुढे येणारी फाइलींची व कमांडांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत आणि जशी दिसतात तशीच लिहावी लागतात. जेथे ‘लिहिणे’ असे म्हटले आहे तेथे रूट, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार गृहीत आहेत.

सर्वप्रथम आपले यंत्र कोणत्या प्रकारची झोप घेते हे पाहावे. एसीपीआय या वीजव्यवस्थापनाच्या मानकात एस३ म्हणजे सर्वसामान्य सस्पेंड: प्रोसेसर बंद, पंखे बंद, डिस्क बंद, फक्त रॅमला वीज चालू. एस४ म्हणजे हायबरनेट, ज्यात रॅममधील मजकूर डिस्कवर उतरवून वीज पूर्ण तोडली जाते. याखेरीज लिनक्समध्ये ‘एसटूआयडल’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात यंत्र फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, म्हणजे बायॉसच्या) हवाली होत नाही. कर्नल स्वतःच सर्व प्रक्रिया गोठवतो, उपकरणे झोपवतो आणि प्रोसेसरला त्याच्या सर्वांत खोल निष्क्रिय अवस्थेत ठेवतो. ‘सिस’ (कर्नलची माहिती व सेटिंगे फाइलींच्या रूपात दाखवणारे फोल्डर) खालील ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ‘मेम-स्लीप’ नावाची फाइल असते, तिच्या नावात (आणि या फोल्डरमधील पुढे येणाऱ्या नावांतही) आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर आहे. ती ‘कॅट’ या कमांडने उघडली की ‘एसटूआयडल’ आणि ‘डीप’ असे शब्द दिसतात आणि त्यांपैकी एकाभोवती चौकटी कंस असतो. कंसातला पर्याय सध्या लागू आहे. ‘डीप’ म्हणजे एस३.

सस्पेंड केल्यावरही पंखे फिरत राहतात आणि कॅबिनेट कोमट लागते, अशी तक्रार असेल तर बहुधा कंस ‘एसटूआयडल’भोवती असतो. ‘डीप’ उपलब्ध असेल तर तो शब्द त्याच फाइलमध्ये लिहून लगेच प्रयोग करता येतो आणि प्रयोग यशस्वी झाला तरच ‘मेम-स्लीप-डिफॉल्ट’ हा कर्नल पॅरामीटर ‘डीप’ असा देऊन तो कायम करावा. फाइलमध्ये ‘डीप’ हा शब्दच नसेल, तर फर्मवेअर एस३ देऊ करीत नाही असे समजावे. अशा वेळी बायॉसमध्ये झोपेच्या प्रकाराची निवड आहे का ते पाहावे; नसेल तर कर्नलच्या बाजूने जबरदस्ती करण्यात अर्थ नाही.

आता लॉगकडे, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदींकडे, वळू. लॉग दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला ‘के’ हा पर्याय दिला की फक्त कर्नलचे संदेश दिसतात, आणि ‘बी’ या पर्यायापुढे उणे एक लिहिले की मागच्या वेळी यंत्र चालू होते तेव्हाचे. झोपेची सुरुवात ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ या ओळीने होते आणि शेवट ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ने. एंट्रीनंतर काही सेकंदांतच एक्झिट आली असेल, तर मधल्या ओळींत ‘फेल्ड’ हा शब्द शोधावा: तो असेल तर यंत्र झोपू शकले नाही, आणि नसेल तर ते झोपले व त्याला कोणीतरी उठवले. या एका पाहणीने निम्मे काम होते.

एंट्रीची ओळ आहे, एक्झिटची नाहीच आणि त्यानंतर थेट नवे बूट, अशी स्थिती असेल तर मात्र नेमके इथेच घोडे पेंड खाते. यंत्र झोपताना अडकले की उठताना, हे त्या लॉगवरून कळत नाही, कारण डिस्क झोपवल्यानंतरचे संदेश डिस्कवर लिहिले जाणे शक्यच नसते. कर्नल जागा झाला, त्याने बरेच काही नोंदवले, परंतु डिस्क उठण्यापूर्वीच तो कोसळला, तरीही त्यातले काहीच लॉगमध्ये उमटत नाही. म्हणून लॉगमधील शेवटच्या ओळीत ज्या ड्रायव्हरचे नाव दिसले त्यालाच दोषी ठरवणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे.

आधी मधली तक्रार घेतो, कारण डेस्कटॉपवर माझ्या मते तीच सर्वांत जास्त आढळते आणि तिचा उलगडाही सर्वांत समाधानकारक असतो. सस्पेंड म्हटले, पडदा काळा झाला, पंखे थांबले आणि दोन सेकंदांत सगळे पुन्हा सुरू. येथे झोपेत काहीच दोष नसतो. ज्याला हाक मारण्याचा अधिकार आहे असे एखादे उपकरण लगेच हाक मारते, एवढेच. तेव्हा हा अधिकार कोणाकोणाला दिलेला आहे, ते पाहायचे.

त्याची यादी ‘प्रॉक’ खालील ‘एसीपीआय’ फोल्डरमधल्या ‘वेकअप’ या फाइलमध्ये असते. ती उघडली की चार रकाने दिसतात. पहिल्यात उपकरणाचे फर्मवेअरने ठेवलेले आखूड नाव असते, जसे ‘एक्सएचसी०’, ‘जीपीपी०’, ‘पीडब्ल्यूआरबी’. दुसऱ्यात एस३ किंवा एस४ असे लिहिलेले असते. ते उपकरणाची सध्याची अवस्था सांगत नाही, तर जास्तीत जास्त किती खोल झोपेतून ते यंत्राला उठवू शकते हे सांगते. तिसऱ्या रकान्यात ताऱ्याच्या चिन्हासह ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ असते आणि चौथ्यात त्या उपकरणाचा पीसीआय पत्ता. आपल्याला महत्त्वाचा आहे तो तिसरा रकाना. ज्या ओळींत ‘एनेबल्ड’ आहे तेवढेच संशयित. चौथ्या रकान्यातला पत्ता ‘एलएसपीसीआय’ या कमांडच्या यादीत शोधला की ते आखूड नाव कोणाचे हे कळते: ‘एक्सएचसी’ने सुरू होणारी नावे बहुतेक यूएसबी कंट्रोलरची असतात, आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘जीपीपी’ने सुरू होणारी नावे पीसीआय एक्सप्रेसच्या पोर्टांची, ज्यांच्यामागे एखादी एनव्हीएमई डिस्क किंवा नेटवर्क कार्ड बसलेले असते.

संशयिताचे नाव त्याच फाइलमध्ये लिहिले की त्याचा अधिकार काढून घेतला जातो. येथे दोन गोष्टी नवख्याला हमखास अडवतात. पहिली म्हणजे, रूट अधिकार देणारे ‘सुडो’ लावून ‘एको’ (पुढचा शब्द छापणारी कमांड) केले आणि पुढे बाणाने फाइलकडे वळवले तरी ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर येते, कारण बाणाचे काम आपले साधे शेल (आपण लिहिलेली कमांड वाचणारा प्रोग्राम) करते आणि त्याला रूट अधिकार नसतात. त्यासाठी ‘एको’चे आउटपुट पाइपमधून ‘सुडो टी’कडे द्यावे लागते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. या फाइलमध्ये नाव लिहिणे म्हणजे ‘बंद करा’ अशी आज्ञा नव्हे, तर दिव्याच्या बटणासारखी उलटापालट आहे: चालू असेल तर बंद होते, बंद असेल तर चालू होते. म्हणून प्रत्येक वेळी लिहिल्यानंतर फाइल पुन्हा उघडून पाहायची आणि मगच सस्पेंड करायचे.

एका वेळी एकच नाव बंद करावे आणि प्रयोग करावा. सगळी नावे एकदम बंद केली तर यंत्र शांत झोपेल हे खरे, पण तो प्रकार चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा होतो: कीबोर्डवरून उठवण्याची सोय जाते, नेटवर्कवरून उठवण्याचीही जाते आणि खरा चोर कोण होता ते शेवटपर्यंत समजत नाही. पॉवरचे बटण मात्र चालत राहते, त्यामुळे प्रयोग करताना यंत्र कायमचे झोपून जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

चोर यूएसबी कंट्रोलर निघाला तर आणखी एक पायरी खाली उतरावे. संपूर्ण कंट्रोलरचा अधिकार काढण्याऐवजी त्याच्यावरील नेमक्या उपकरणाचा काढता येतो. ‘सिस’ खाली ‘बस’, त्याखाली ‘यूएसबी’ आणि त्याखाली ‘डिव्हायसेस’ या फोल्डरमध्ये प्रत्येक उपकरणाची जागा असते आणि तिच्यातल्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ‘वेकअप’ नावाची छोटी फाइल असते, जिच्यात ‘एनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ असा एकच शब्द असतो. कीबोर्डला हा अधिकार कर्नल आपण होऊन देतो, जे योग्यच आहे. अडचण येते ती बिनतारी माउसच्या रिसीव्हरमुळे. पुष्कळ रिसीव्हर स्वतःला माउसबरोबरच कीबोर्ड म्हणूनही सादर करतात, त्यामुळे त्यांनाही आपसूक अधिकार मिळतो आणि मग टेबलाला धक्का लागला तरी यंत्र उठते. अशा रिसीव्हरच्या फाइलमध्ये ‘डिसेबल्ड’ लिहिले की काम होते आणि खरा कीबोर्ड पूर्वीसारखाच यंत्राला उठवू शकतो.

हे सर्व बदल रीबूटनंतर पुसले जातात. ते कायम करण्यासाठी बूटच्या वेळी ‘वेकअप’ फाइलमध्ये नाव लिहिणारी सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस बनवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु उलटापालटीचा गुण लक्षात घेता मला तो धोक्याचा वाटतो. ती सर्व्हिस कोणत्याही कारणाने दुसऱ्यांदा चालली, तर बंद केलेले उपकरण पुन्हा चालू होते. त्यापेक्षा यूडेव्हचा (उपकरणे जोडली गेल्यावर नियम लागू करणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहावा. उपकरण जोडले जाण्याच्या घटनेवर, त्याचा व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांक जुळत असल्यास, ‘पॉवर’ खालील ‘वेकअप’ या गुणधर्माला ‘डिसेबल्ड’ ही किंमत द्यायची, एवढी एक ओळ पुरते. यूएसबी उपकरणासाठी तसेच पीसीआय पोर्टसाठीही हा नियम चालतो, आणि येथे आपण स्पष्ट शब्द लिहीत असल्यामुळे नियम कितीही वेळा लागू झाला तरी परिणाम तोच राहतो.

यंत्र लगेच न उठता तास-दोन तासांनी किंवा मध्यरात्री उठत असेल तर संशयाची दिशा बदलते. नेटवर्क कार्डाबाबत ‘ईथटूल’ या कमांडला इंटरफेसचे नाव दिले की ‘वेक-ऑन’ या शब्दापुढे एक वा अधिक अक्षरे दिसतात. ‘डी’ म्हणजे बंद. ‘जी’ म्हणजे फक्त उठवण्यासाठीच पाठवलेले खास मॅजिक पॅकेट आले तरच उठणे. ‘यू’ म्हणजे या यंत्राच्या नावे आलेल्या कोणत्याही पॅकेटने उठणे. शेवटचा प्रकार लागू असेल तर घरातला राउटर किंवा दुसरा एखादा संगणक सहज चौकशी करतो आणि आपले यंत्र उठून बसते. ‘ईथटूल’ने केलेला बदलही टिकत नाही, नेटवर्कमॅनेजर वापरत असल्यास त्या जोडणीच्या सेटिंगमध्येच तो नोंदवावा. वेळेवर उठणाऱ्या यंत्राच्या बाबतीत बायॉसमधील घड्याळाचा अलार्म आणि सिस्टमडीचे टायमर पाहावेत. सगळे टायमर यंत्राला उठवत नाहीत. ज्यांच्या फाइलमध्ये ‘वेकसिस्टम’ हा पर्याय चालू केलेला असतो तेवढेच उठवतात, त्यामुळे टायमरच्या फोल्डरांत हा एकच शब्द ‘ग्रेप’ने शोधला की निकाल लागतो.

आता पहिली तक्रार, म्हणजे यंत्र झोपतच नाही. आपण स्वतः सस्पेंड केल्यावर झोपते पण आपोआप झोपत नाही, असे असेल तर कर्नलला दोष देऊ नये. ‘सिस्टमडी-इनहिबिट’ला ‘लिस्ट’ हा पर्याय दिला की झोपेला कोणी हरकत घेतली आहे आणि का, याची यादी मिळते. व्हिडिओ चालू ठेवून विसरलेला ब्राउझर तेथे पुष्कळदा सापडतो. परंतु स्वतः सस्पेंड करूनही वीस सेकंद काळ्या पडद्यानंतर यंत्र जसेच्या तसे परत येत असेल, तर लॉगमध्ये ‘फ्रीझिंग’ आणि ‘फेल्ड आफ्टर २०’ असे शब्द असलेली ओळ बहुधा सापडते. झोपण्यापूर्वी कर्नल सर्व प्रक्रिया गोठवतो आणि त्यासाठी तो डिफॉल्टने वीस सेकंद थांबतो. तेवढ्यात एखादी प्रक्रिया गोठली नाही तर संपूर्ण बेत रद्द होतो.

त्या ओळीच्या लगेच खाली न गोठलेल्या प्रक्रियेचे नाव असते, आणि ते पाहून पुष्कळांची दिशाभूल होते. समजा तेथे फाइल मॅनेजरचे किंवा बॅकअपच्या प्रोग्रामचे नाव आहे. तो प्रोग्राम बिघडलेला असतो असे नाही. तो एनएफएस किंवा एसएसएचएफएसने जोडलेल्या दूरच्या फोल्डरमधून काहीतरी वाचायला गेलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी झोपेची तयारी म्हणून नेटवर्क बंद केले जाते. आता उत्तर कधीच येणार नाही, आणि उत्तर येईपर्यंत ही प्रक्रिया हलणार नाही. उपाय त्या प्रोग्रामवर करायचा नसून जोडणीवर करायचा: दूरचे फोल्डर कायम जोडून ठेवण्याऐवजी सिस्टमडीच्या ऑटोमाउंटने गरजेपुरते जोडावे आणि वापर थांबल्यावर आपोआप सुटेल अशी मुदत द्यावी, किंवा झोपण्यापूर्वी ते सोडवणारी स्क्रिप्ट ठेवावी.

तिसरी तक्रार, न उठण्याची, सर्वांत त्रासदायक आहे. येथेही आधी एक विभागणी करावी. यंत्राचे पंखे सुरू झाले, पण पडदा काळाच आहे, अशा वेळी कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का ते पाहावे, आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) आत जाता येते का ते पाहावे. एसएसएच सर्व्हर आधीपासून चालू ठेवण्याची तसदी घेतली असेल तर ही एक चाचणी अनेक तर्कांचा निकाल लावते. आत जाता आले तर कर्नल जिवंत आहे आणि प्रश्न ग्राफिक्सचा किंवा मॉनिटरचा आहे. मग लॉगही शांतपणे वाचता येतो. आत जाता आले नाही आणि दिवाही बदलत नसेल तर कर्नल किंवा फर्मवेअर अडकले आहे. एक तिसरी शक्यताही असते, जिच्याकडे दुर्लक्ष होते: पंखे सुरू होतात आणि मदरबोर्डचे चिन्ह दिसून यंत्र नव्यानेच बूट होते. याचा अर्थ रॅममधील मजकूर टिकलाच नाही. एस३मध्ये रॅमला वीज मिळते ती पॉवर सप्लायच्या पाच व्होल्टच्या स्टँडबाय वाहिनीवरून. ती कमकुवत असेल किंवा रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवली असेल तर असे होऊ शकते. तेव्हा बायॉसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग बंद करून एकदा प्रयोग करावा, आणि मगच लिनक्सकडे बोट दाखवावे.

ग्राफिक्सच्या दोषांत एनव्हिडियाच्या मालकीच्या ड्रायव्हरचा स्वतंत्र विचार करावा लागतो. एस३मध्ये ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीची वीज जाते, त्यामुळे तिच्यातला मजकूर आधी कुठेतरी हलवावा लागतो. डिफॉल्ट पद्धतीत हा ड्रायव्हर सर्व मजकूर जपत नाही, आणि उठल्यावर खिडक्यांमध्ये रंगीबेरंगी कचरा दिसणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. ‘प्रिझर्व्ह-व्हिडिओ-मेमरी-अ‍ॅलोकेशन्स’ हा मॉड्यूलचा (ड्रायव्हरच्या कर्नलला जोडल्या जाणाऱ्या तुकड्याचा) पॅरामीटर १ केला की तो संपूर्ण मजकूर जपतो, परंतु मग ‘एनव्हिडिया-सस्पेंड’, ‘एनव्हिडिया-हायबरनेट’ आणि ‘एनव्हिडिया-रिझ्यूम’ या तीन सिस्टमडी सर्व्हिस चालू असणे आवश्यक होते. मजकूर ठेवण्याची जागा मूळची ‘टेम्प’ फोल्डरमध्ये असते. अनेक वितरणांत ते फोल्डर रॅममध्येच असल्यामुळे मोठ्या मेमरीच्या कार्डाला जागा अपुरी पडू शकते, म्हणून ‘टेम्पररी-फाइल-पाथ’ हा पॅरामीटर ‘व्हार’ खालील ‘टेम्प’कडे वळवणे बरे. २०२४ मध्ये आलेल्या सिस्टमडी २५६पासून झोपताना वापरकर्त्याची सत्रेही गोठवली जाऊ लागली, आणि या ड्रायव्हरबरोबर ते जुळत नसल्याने सस्पेंडच्या सर्व्हिसला एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन ती सोय बंद करावी लागली. ड्रायव्हरची वितरणातील पॅकेजे हे काम पुष्कळदा स्वतःच करतात. एएमडीच्या कार्डांचा ड्रायव्हर मजकूर मुख्य रॅममध्ये हलवतो, त्यामुळे तेथे रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची राखीव जागा) जवळजवळ भरलेले असताना झोप अपयशी ठरू शकते. एरवी नीट चालणारे सस्पेंड फक्त जड खेळ चालू असतानाच फसत असेल तर या कारणाचा विचार अवश्य करावा.

कर्नलच अडकत असेल तर त्याच्याकडे स्वतःचे एक उत्तम साधन आहे आणि ते फार कमी लोक वापरतात. ‘सिस’ खालील ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ‘पीएम-टेस्ट’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘फ्रीझर’, ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोअर’ यांपैकी एक शब्द लिहून मग नेहमीसारखे सस्पेंड केले, की कर्नल झोपेच्या प्रवासात त्या टप्प्यापर्यंतच जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत फिरतो. फर्मवेअरच्या हाती यंत्र जातच नाही. पहिल्या टप्प्यात फक्त प्रक्रिया गोठतात. दुसऱ्यात त्याशिवाय उपकरणेही झोपवली जातात. पुढे फर्मवेअरच्या तयारीच्या क्रिया, मग पहिला सोडून इतर प्रोसेसर बंद करणे, असा क्रम वाढत जातो. ‘फ्रीझर’ पार पडले आणि ‘डिव्हायसेस’ला यंत्र अडकले, तर दोष कोणत्या तरी ड्रायव्हरमध्ये आहे हे पक्के होते. मग संशयित मॉड्यूल काढून, पुन्हा तोच टप्पा चालवून, निम्मे-निम्मे करत त्याच्यापर्यंत पोहोचता येते. सर्व टप्पे निर्विघ्न पार पडले आणि खऱ्या झोपेतूनच तेवढे उठता येत नसेल, तर बायॉस अद्ययावत करण्याकडे आधी लक्ष द्यावे. चाचणी संपल्यावर त्या फाइलमध्ये ‘नन’ लिहायला विसरू नये, नाहीतर प्रत्येक सस्पेंड पाच सेकंदांचे राहते आणि आपण नवाच दोष शोधत बसतो.

‘पीएम-ट्रेस’ हे याच फोल्डरमधील दुसरे साधन अधिक विचित्र आहे. उठताना यंत्र गोठले की रॅममधले सगळे जाते. रीबूटनंतरही टिकेल अशी लिहिण्याजोगी जागा उरते ती घड्याळाची. म्हणून कर्नल प्रत्येक उपकरण उठवण्यापूर्वी त्याची खूण चक्क घड्याळात, तारीख-वेळेच्या रूपाने लिहून ठेवतो. यंत्र अडकल्यावर साधारण तीन मिनिटांच्या आत रीबूट करून कर्नलच्या संदेशांत ‘मॅजिक नंबर’ आणि ‘हॅश मॅचेस’ हे शब्द शोधले की शेवटच्या उपकरणाचा माग लागतो. घड्याळ अर्थातच भलतीच तारीख दाखवू लागते, ते नंतर दुरुस्त करावे लागते. आधीचे सर्व उपाय थकल्यावरच याच्या वाट्याला जावे.

उठल्यानंतर ब्लूटूथ न चालणे, आवाज न येणे, वायफाय न सापडणे या किरकोळ दुखण्यांसाठी एवढी शोधाशोध सहसा लागत नाही. त्या ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून परत घातले की ते शुद्धीवर येते का, ते हाताने करून पाहावे. येत असेल तर ‘यूएसआर’ खालील ‘लिब’, त्याखालील ‘सिस्टमडी’ आणि त्यातल्या ‘सिस्टम-स्लीप’ या फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवावी आणि तिला चालवण्याचा अधिकार द्यावा. सिस्टमडी तिला झोपण्यापूर्वी ‘प्री’ आणि उठल्यावर ‘पोस्ट’ हा शब्द देऊन हाक मारते. हा उपाय मलमपट्टीचा आहे हे मान्य. पण जुन्या ब्लूटूथ डोंगलसाठी याहून खोल जाण्याइतका वेळ कोणाकडे असतो?

हायबरनेट हा वेगळा विषय आहे आणि डेस्कटॉपवर मी त्याच्या मागे फारसा लागत नाही. त्यासाठी पुरेसा मोठा, डिस्कवरचा स्वॅप लागतो, झेडरॅमचा, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला, चालत नाही. बूटच्या वेळी तो कुठे आहे हे इनिटरॅमएफएसला (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या प्रणालीला) कळावे लागते. आणि सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (सुरक्षेसाठी काही सोयी बंद ठेवलेल्या अवस्थेत) असेल तर हायबरनेट मुळातच बंद असते. वीज जाण्याची धास्ती असलेल्याने ‘हायब्रिड-स्लीप’चा विचार करावा: त्यात मजकूर डिस्कवर लिहून ठेवून मग एस३ घेतली जाते, त्यामुळे वीज टिकली तर यंत्र चटकन उठते आणि गेली तर डिस्कवरून पूर्ववत होते.

दुरुस्ती झाली असे वाटले तरी एकदा झोपून उठणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. काही दोष पाच-दहा फेऱ्यांत एखाद्याच वेळी उगवतात. अशा फेऱ्या घालण्यासाठी ‘आरटीसीवेक’ ही कमांड सोयीची आहे. ती घड्याळाचा अलार्म लावते आणि यंत्र ठरलेल्या सेकंदांनी आपोआप उठते. मात्र तिला ‘मेम’ हा मोड दिला तर ती सिस्टमडीला वळसा घालून थेट कर्नलला झोपायला सांगते, त्यामुळे ‘सिस्टम-स्लीप’मधील स्क्रिप्ट चालत नाहीत आणि एनव्हिडियाच्या सर्व्हिसही नाहीत, मेमरी जपण्याचा पॅरामीटर चालू असलेल्या यंत्रावर ही चाचणी अपयशी ठरते आणि नीट केलेली गोष्ट बिघडल्यासारखी दिसते. म्हणून तिला ‘नो’ हा मोड देऊन फक्त अलार्म लावून घ्यावा आणि झोपवण्याचे काम ‘सिस्टमसीटीएल सस्पेंड’वर सोपवावे. या दोन ओळी लूपमध्ये घालून, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत ठेवून यंत्र तासभर सोडून द्यावे आणि मग लॉगमधील एंट्री आणि एक्झिटच्या ओळी मोजाव्यात. नव्या कर्नलांत ‘पॉवर’ फोल्डरखालीच ‘सस्पेंड-स्टॅट्स’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात यश व अपयशांची संख्या तसेच शेवटी अपयशी ठरलेल्या उपकरणाचे नाव तयारच मिळते.

एवढे करूनही दोष कर्नलमध्येच आहे असे ठरले तर तो कळवताना यंत्राचे वर्णन, कर्नलची आवृत्ती, ‘मेम-स्लीप’मधील कंस कोणत्या शब्दाभोवती आहे, ‘पीएम-टेस्ट’चा कोणता टप्पा पार पडला आणि कोणता नाही, आणि यापूर्वी कोणत्या आवृत्तीवर सस्पेंड चालत होते, इतके तरी द्यावे. ‘पीएम-डीबग-मेसेजेस’ या फाइलमध्ये एक लिहून काढलेला लॉग सोबत जोडला तर ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्याला पहिला उलट प्रश्न विचारण्याची गरज राहत नाही.